एक मात्रा जास्तीची

वटारच्या एका लग्नात मी भर मांडवात चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या, आणि त्या अगदी बरोबर होत्या असं पुढं वर्षभर सांगत हिंडलो.

चूक एवढीच. लग्न मोडलं नाही, कुणी रुसून गेलं नाही, जेवणही छान झालं. पण आता पुन्हा डिसेंबर लागलाय. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमच्या इमारती संपल्या की वटारकडे जाणारा रस्ता वाड्यांमध्ये शिरतो, तिथं घराघरांवर कागदाच्या चांदण्या चढल्यात. कुठल्याशा वाडीत ब्रासबँडवाले ट्रम्पेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घासतायत. ती ओळ कानावर आली की माझे तळहात आपोआप गरम होतात आणि मी ते पाठीमागे बांधून घेतो.

इकडच्या ख्रिस्ती गावांतली लग्नसराई नाताळ झाला की सुरू होते आणि राखेच्या बुधवारी कुणी बटण दाबावं तशी बंद होते. मग उपवासकाळ, मग वाजंत्री नाही. मधल्या थोड्या आठवड्यांत सगळ्या वाडीला जेवढं गायचं-नाचायचं तेवढं उरकून घ्यायचं असतं. त्यामुळे या दिवसांतल्या हवेत एक गोड घाई असते. सकाळी केळीच्या पानांवरून दव ठिबकतं, तेही जरा लगबगीनं ठिबकतंय असं वाटतं. मी मूळचा दापोलीकडचा. आमच्याकडे हिवाळा म्हणजे शेकोटी आणि मडक्यातल्या शेंगांच्या पोपटीची गोष्ट. हिवाळ्याला वाजण्याची मुदत असते हे मला इथं येऊन कळलं. तेही निवृत्त झाल्यावर. नोकरी होती तोवर मी इकडे फक्त झोपायला येत होतो.

गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच सरली होती. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती आणि नीलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सायकल चालवताच आहात तर सुकेळी घेऊन या, असं त्या व्यायामाला कामाचं स्वरूप दिलं होतं. विचारत विचारत एका वाडीच्या फाटकाशी पोचलो. अंगणात बांबूच्या तट्ट्यावर सोललेली राजेळी केळी उन्हात घातलेली. पिवळीजर्द, हळूहळू तपकिरी होत चाललेली. सगळ्या अंगणाला मधासारखा वास. आणि माश्या हाकलायला पुठ्ठ्याचा तुकडा हलवत एक पांढऱ्या केसांची, फुलाफुलांचा झगा घातलेली बाई इंग्रजीत गात होती.

आवाज खालचा. जवळजवळ बोलण्याइतका. पण पुठ्ठा एका वेळी हलायचा आणि शब्द दुसऱ्याच वेळी यायचा. पुठ्ठा पुढं, शब्द मागून; उंबऱ्याशी चपला काढून मग आत आल्यासारखा. मी आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात टाळ वाजवतो. माझ्या मनानं ताबडतोब निकाल दिला, की बाईंचा आवाज गोड, पण ताल कच्चा. हे मत मनातच ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, "मावशी, आवाज फार छान आहे तुमचा. तालाकडे जरा लक्ष द्या."

ओटीवर कुणीतरी वर्तमानपत्र वाचत बसलं होतं. त्या वर्तमानपत्राच्या मागून खोकल्यासारखं हसू आलं.

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. मला आपादमस्तक पाहिलं. साहेब काय वाजवतात, असं अत्यंत आदरानं विचारलं. मी टाळ म्हणालो. त्यांनी एक अर्धवट वाळलेलं केळं माझ्या हातावर ठेवलं आणि स्वतःची ओळख करून दिली. त्या फिलोमिना, सगळे फिलू म्हणतात. वर्तमानपत्रामागचे ते त्यांचे यजमान पास्कल. आणि पुढचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या, की आज भाजी कसली केलीय हेच सांगतायत असं वाटावं.

"मी कॅबरे गायचे, मुंबईला, हाटेलात. ह्याच्या बँडसंगती."

केळं माझ्या घशात अडकलं.

आता माझी काय चूक? 'कॅबरे' म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढं हिंदी सिनेमातलं जे काही येतं ते आलं. झुंबर, पिसं, जिन्यावरून उतरणारी बाई आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी हातात ग्लास घेऊन बसलेला, ज्याच्या मनात काहीतरी वाईट आहे असा माणूस. यातलं एकही चित्र त्या फुलाफुलांच्या झग्याला चिकटेना. पाणी पिऊन घरी आलो आणि नीलाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती सुकेळ्याचं पान सोडवत एवढंच म्हणाली, की म्हणजे आता तुमचा व्यायाम नियमित होणार. पुढच्या खेपेला खात्री करून घ्यायला ती स्वतः आली आणि माझ्यापेक्षा जास्त रमली. आजही फिलूमावशींचा फोन येतो तो तिला. मला निरोप येतात.

कॅबरे म्हणजे काय ते मावशींनी आम्हांला ओटीवर बसून समजावलं. त्यांच्या सांगण्यात पिसं नव्हती, सूप होतं. माणसं जेवायला आलेली असतात. गाणं ऐकायला कुणीच आलेलं नसतं. कुणी बायकोशी भांडून आलंय, कुणी धंद्याचं बोलतंय, कुणी नुसताच एकटा आलाय. त्यांच्यामधून, टेबलांच्या फटीतून जात गायचं. ओरडायचं नाही. "तुमी आवाज वाढवलात की ती लोकं आपला आवाज वाढवतात," मावशी म्हणाल्या. "कमी करायचा. अजून कमी. मंग एकेक चमचा थांबतो. चमचा थांबला, की ते टेबल आपलं."

मी आयुष्यात ऐकलेलं सगळं गाणं आठवून पाहिलं. आमच्या गावात कीर्तन व्हायचं, तिथं बुवा पेंगणाऱ्याला नाव घेऊन उठवायचे. नाटकाला लोक पदं ऐकायलाच जायचे, पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. बैठकीच्या लावणीत नजर आणि हात बोलतात, पण समोरचा तिच्यासाठीच मांडी घालून बसलेला असतो. श्रोता गृहीत धरलेला. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्या चमच्यापर्यंत पोचायचं, आणि तेही आवाज खाली घेऊन, हा प्रकार मला नवा होता. मग घरी मोबाइलवर जुनी जाझ गाणी शोधून ऐकायला लागलो. गाणाऱ्या बायांची नावं इथं सांगत नाही. माझ्या तोंडून ती ऐकून पास्कलकाकांनी एकदा कान झाकले होते. दुपारी नीला मेथी निवडत असायची आणि त्या यंत्रातून कोण कुठली बाई, आपल्या जन्माआधी कधीतरी गायलेली, पलंगाच्या कडेला बसून काहीतरी खासगी सांगितल्यासारखी गायची. शब्द निम्मे कळायचे. पण कुणीतरी हसत हसत दुःख सांगतंय, आणि आपण त्यावर काही करावं अशी त्याची अपेक्षा नाही, एवढं पक्कं कळायचं. मेथी निवडणं थांबायचं. मी नीलाला म्हणायचो, बघ, चमचा थांबला.

फिलूमावशींची नात रीना. मुंबईत नोकरी, कानात कायम ते छोटे बोंडुकले. तिच्या कानात काय वाजतं म्हणून मी एकदा विचारलं तर तेच, आजीच्या काळातलं. तुला कसं काय आवडतं हे, म्हटल्यावर तिनं खांदे उडवले. म्हणाली, बाकीची गाणी सगळ्यांना सांगतात, हे मला एकटीला सांगतं. मी या विषयावर दोन महिने विचार करत होतो. तिनं जिना उतरता उतरता निकाल लावला.

तर या रीनाचं लग्न जानेवारीत ठरलं होतं, आणि तिचा एकच हट्ट होता. मांडवात आजीनं गायचं, आणि तेही छत्रीचं गाणं.

छत्रीचं गाणं पास्कलकाकांनी रचलेलं. इंग्रजीत आहे, मला मावशींनी मराठीत सांगितलं. त्यात घडत काहीच नाही. एक बाई एका माणसाच्या घरी दर वेळी आपली छत्री विसरते. मग ती न्यायला पुन्हा जावं लागतं. पाऊस संपतो, थंडी पडते, तरी बाई छत्री घेऊन घराबाहेर पडतेच आणि ती विसरून घरी येतेच. शेवटी तो माणूस विचारतो, की छत्रीसाठी येतेस तर आत का बसतेस? गाणं संपलं. काकांच्या भायखळ्याच्या खोलीवर बँडची तालीम असायची आणि कुणीतरी खरोखरच तिथं छत्री विसरायचं, हे दोघांनीही मान्य केलं. ती मुद्दाम की चुकून, यावर मात्र एवढ्या वर्षांनंतरही घरात दोन मतं आहेत.

काका डबल बास वाजवायचे. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या आजोबासारखं दिसणारं वाद्य. उभ्यानं, मिठीत घेतल्यासारखं वाजवायचं. ते अजून त्यांच्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात होतं, अंगावर चादर घेऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला नमस्कार केला होता. मला वाटलं घरात आणखी कुणी वडीलधारं आहे. काकांना कंपवात झाल्यापासून ते चादरीखालीच. हात सतत थरथरायचे. ते वर्तमानपत्र वाचत बसत याचं कारण बातम्या नव्हत्या. कागद हातात असला की कागदच हलतोय असं वाटतं.

मावशींनी छत्रीचं गाणं चारचौघांत काकांच्या बासशिवाय कधी म्हटलं नव्हतं. नातीसाठी म्हणायला त्या कबूल झाल्या, पण त्यांना काका समोर हवे होते. वाजवू नकोस, नुसता पुढच्या खुर्चीत बस. काका नाही म्हणाले. चर्चमध्ये येईन, मांडवात येणार नाही. मी तिथं होतो त्या दिवशी. मावशी भांडल्या नाहीत, फक्त का म्हणून विचारलं. काकांनी वर्तमानपत्राची घडी घालायचा प्रयत्न केला, ती नीट पडेना, म्हणून तसंच मांडीवर ठेवलं.

"लोक माज्या हाताकडं बगतील," ते म्हणाले. "तुज्या गान्याकडं कोन बगनार नाय."

मावशी उठून केळी उलटायला गेल्या. त्या दिवशी गायल्या नाहीत.

बँडच्या पोरांकडे कीबोर्ड होते, ड्रम होते, पण त्या गोंगाटात हे गाणं जगणार नाही, असं मावशींचं म्हणणं. त्यांना नुसता गळा आणि चुटकी हवी होती. दोन बोटांची चुटकी, चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पूर्वी घरात गाताना ती चुटकी काका द्यायचे. आता बोटं जुळत नव्हती. रीना नवरी, नवरीनं चुटक्या वाजवत उभं राहणं बरं दिसलं नसतं. मग कोण? मी टाळ वाजवणारा माणूस, निवृत्त, सायकलवाला. मीच हात वर केला. नीला मागून हळूच म्हणाली, "अहो, तुम्हांला आरतीतसुद्धा झांज देत नाहीत." ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिथून सुरू झाली ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर तालीम. रोज सकाळी सायकल, अंगणात ऊन, केळी हळूहळू काळपट होत चाललेली, ओटीवर वर्तमानपत्राचा पडदा, आणि मी दोन बोटांशी झगडतोय. आधी चुटकीचा आवाजच येईना. घरी जाता-येता सराव केला तर सोसायटीतला कुत्रा माझ्या मागे यायला लागला. आवाज यायला लागला तर तो पडायचा एकावर. कारण लहानपणापासून सगळं अंग एकावर येतं. सम म्हणजे घर. आरती असो, भजन असो, कितीही भटका, समेवर या, टाळी द्या, मान हलवा. आणि इथं घराच्या दारावर टाळी द्यायचीच नाही! दाराशी गप्प उभं राहायचं आणि पलीकडे, जिथं काहीच नाही, तिथं चुटकी वाजवायची. मावशी म्हणायच्या, एकावर सगळेच असतात सायेब, तिथं तुमची गरज नाय. दोनावर कोन नसतं, तिथं जाऊन उभे राहा.

मला ते हळूहळू जमू लागलं. जमलं की कळायचं, की गाणं एकदम हलकं होतं, पायाखालून कुणी सतरंजी काढल्यासारखं नाही, तर सतरंजीसकट वर उचलल्यासारखं. मावशींचा मागून येणारा शब्द आणि माझी पलीकडची चुटकी यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडायची. त्या जागेत बसून मावशी वाटेल ते करायच्या. छत्री हा शब्द रोज वेगळा यायचा. कधी लाडिक, कधी वैतागलेला, एकदा तर तो म्हणता म्हणता त्यांचा आवाज असा बारीक झाला, की मी चुटकी विसरून त्यांच्याकडे बघत राहिलो. वर्तमानपत्रामागून "हं" आलं. पुढं चला, असा त्याचा अर्थ. म्हणजे काका ऐकत होते. रोज. अक्षर न वाचता, पान न उलटता.

मला कधी कधी वाटतं, ही गाणी टिकतात ती त्या मोकळ्या जागेमुळे. पूर्ण भरलेलं गाणं ऐकून आपण थक्क होतो आणि उठून जातो. ज्यात एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते, तिथं पुन्हा जाऊन बसावंसं वाटतं. पण हे मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त बोटांना खोबरेल लावत होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये काका शेवटच्या बाकावर बसले आणि विधी संपताच घरी येऊन स्वयंपाकघराकडच्या खोलीत गेले. मांडव वाडीतच, घराला लागून. उन्हं कललेली, केळींच्या सावल्या कापडावर हलत होत्या. फुग्यांचा, म्हणजे त्या गोल गोल तळलेल्या पावांचा, आणि मटणाचा वास. माणसं जेवणाच्या ताटांवर वाकलेली. मुलाकडची अर्धी मंडळी चंदनसारहून आलेली, ऑफिसातली, माझ्यासारखीच आरतीवर वाढलेली. रीनानं पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि तिच्यावर कुणी बसू नये म्हणून आपला फुलांचा गुच्छ ठेवला होता.

मावशी उभ्या राहिल्या. निळा झगा, ओठांना रंग. माइक तोंडाजवळ इतका, की त्याच्याशीच बोलतायत. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि पहिली ओळ म्हटली. मी शेजारी उभा. चुटकी, दोनावर, चारावर. बरोबर. दुसरी ओळ. ताटांवरून एकेक मान वर यायला लागली. चमचे थांबत होते. मी स्वतः पाहत होतो, पुढून मागे, पिकात वारा शिरावा तसे. मला भरून आलं. आणि माणसाला भरून आलं की तो काय करतो? जास्त करतो. मला वाटलं, माझी चुटकी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीये. बिचाऱ्यांना तालच ऐकू येत नाहीये. म्हणून मी चुटकी सोडली आणि टाळी धरली.

अख्खा मांडव टाळीला आला. चंदनसारची सगळी ऑफिसं, वटारचे सगळे काका-काकू, नीलासकट. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला ते कौतुक वाटलं. मग 'अम्ब्रेला' या शब्दावर त्या जरा रेंगाळल्या, किंचित, तालमीत कधी रेंगाळल्या नव्हत्या तेवढ्या, आणि हसल्या. मला वाटलं दम घेतायत, वय झालंय. पण त्यानंतर गाणं जे काही झुलायला लागलं! दीडदोनशे तळहात आणि एक बारीक आवाज, आणि मध्ये ती मोकळी जागा. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा घराच्या दारातून काका येत होते. अर्धी बटणं लावलेला जुना काळा कोट, एका हातात काठी, दुसरा हात वर उचललेला, थरथरता. ते नेमके माझ्याच दिशेनं येत होते. मांडवाच्या मध्यावर येऊन थांबले. मान एका बाजूला कलली. वर उचललेला हात हळूहळू खाली आला. मावशी तेवढ्यात माइक घेऊन टेबलांच्या फटीतून चालत निघाल्या होत्या. शेवटचा प्रश्न, छत्रीसाठी येतेस तर आत का बसतेस, हा त्यांनी काकांच्या समोर उभं राहून म्हटला, इतक्या हळू, की केळीची पानं ऐकू आली. मग रीनानं खुर्चीवरचा गुच्छ उचलला, आणि काका तिथं बसले. त्यांचा हात काठीवर थरथरत होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

यातून मी काढलेला निष्कर्ष तुम्हांला कळलाच असेल. माझ्या टाळीनं पास्कलकाकांना घराबाहेर काढलं. मी हे भजनी मंडळात सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, राजोडीला मासे घेताना कोळणीलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण पापलेट शिळंच दिलं. तालाचं सामर्थ्य या विषयावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी एक छोटं भाषणही केलं. नीला पहिल्या रांगेत बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

परवा रीना नाताळासाठी माहेरी आली म्हणून आम्ही दोघं वटारला गेलो. टेबलावर कुलकुलांचं, म्हणजे नाताळच्या गोड तळणीचं, पीठ. मावशी, रीना आणि नीला त्या पिठाचे छोटे छोटे शंख वळत होत्या. काका खुर्चीत. हात मागच्या वर्षीपेक्षा जास्त हलत होते. पण आता समोर वर्तमानपत्र नव्हतं. विषय मीच काढला. रीनाकडे त्या गाण्याचं चित्रण होतं, ते सगळ्यांनी पुन्हा पाहावं, असं मीच सुचवलं. फोन मीच हातात धरला. टाळ्यांचा भाग आल्यावर आवाजही मीच मोठा केला.

"थांबव," काका म्हणाले. "मागं घे. आता मोज."

मी मोजलं. चार, चार, चार. टाळी पडत होती एकावर आणि तिनावर. माझी सगळ्यांत मोठी. कान लालबुंद झाले. बोट आपोआप पुढं सरकलं, तो 'अम्ब्रेला' आला, तो रेंगाळलेला. एक, दोन, तीन, चार. आणि पाच. मी पुन्हा मागं घेतलं. पुन्हा पाच. चार मात्रांच्या घरात एक पाचवी मात्रा, जिन्यावाचून मजला असावा तशी, हसत उभी होती. तिच्यानंतर पुन्हा चार, आणि आता माझी तीच टाळी, तसूभरही न बदललेली, बरोबर दोनावर आणि चारावर पडत होती. अख्ख्या मांडवाची पडत होती. कुणाला पत्ता नव्हता.

आमच्याकडे सम कुणासाठी थांबत नाही. हयात घालवली तिच्यामागे धावण्यात. तुम्ही चुकलात तर तुम्ही चुकलात, बाकीचे मान हलवून पुढं जातात. त्या दिवशी सम माझ्यासाठी एक पाऊल बाजूला सरकली होती, आणि मी मात्र बाई दम घेतायत असं समजलो.

"म्हणजे काका, तुम्ही बाहेर आलात ते..."

"तुजा हात धराया." काका शांतपणे म्हणाले. "आत बसून ऐकवेना. वाटलं, म्हातारीचं गानं खातोय हा मानूस. अर्ध्यावर आलो, तर हिनं सगळं जाग्यावर आनलेलं. मग काय करतो? उभा राहिलो. आनि सगळे माज्याकडं बगत होते, आता परत कसा फिरू?"

मावशी कुलकुल वळत होत्या. मी त्यांना विचारलं, की मला थांबवायचं, खुणावायचं, डोळे वटारायचे, तसं का नाही केलंत? त्यांनी वळलेला शंख ताटात ठेवला.

"सगळा मांडव तुमच्या बाजूनं होता, सायेब. मी एकटी. मंग कोनी सरकायचं?"

रीनानं फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला. काकांचा हात टेबलाच्या कडेला लागून बारीक आवाज करत होता, आणि मावशींनी न बघता आपला पिठाचा हात त्यावर ठेवला, थांबवायला नव्हे, नुसता ठेवला. दोन्ही हात थोडे थोडे हलत राहिले. मी वर्षभर केलेली भाषणं मला एकेक करून आठवायला लागली होती. तरीही, खोटं का बोला, त्या लाजेत एक सुख होतं. आपल्या चुकीला कुणीतरी इतक्या अलगद बरोबर करून घेतलं होतं, की ती चूक वर्षभर आपल्याला अभिमानासारखी वापरता आली.

निघताना मावशींनीच सांगितलं, की राखेच्या बुधवाराआधी राजोडीला एक लग्न आहे, तिथं छत्रीचं गाणं म्हणायला बोलावलंय. काकाही येणार आहेत, पुढच्या खुर्चीत. चुटकीला रीना आहे. मी सायकलचं कुलूप काढता काढता, अगदी बारीक आवाजात, काही मदत लागली तर, असं काहीतरी म्हणालो. नीलानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

फिलूमावशींनी फाटक उघडून धरलं.

"तुमी याच, सायेब," त्या म्हणाल्या. "पन खिसेवाली पँट घाला, आनि हात आतच ठेवा."